निळं खरं, काळं खोटं

३ फेब्रुवारी, सोमवार

विभागप्रमुख बाईंची नोटीस आली. महिनाअखेर प्रत्येक खोलीची पाहणी होणार. ज्या खोलीत चालतं यंत्र दिसेल, किंवा मार्गदर्शकाच्या सहीनिशी विद्यार्थ्यांचा प्रकल्प चालू असेल, ती खोली राहील. बाकीच्या काढून घेणार. नोटीस सगळ्यांना आहे, पण रोख माझ्यावर आहे. इतरांच्या नोटिशीला एक टाचणी आहे. माझ्या नोटिशीला दोन.

खोली क्रमांक बारा. एकोणीस वर्षं माझी. दोन टेबलं, खिडकीशी एक खुर्ची, कुरकुरणारा पंखा आणि नाडीवैद्य. नाडीवैद्य म्हणजे माझं यंत्र. पंपाच्या अंगाला लावायचं, त्याची थरथर मोजायची आणि बेअरिंग मरायच्या आधी सांगायचं की हा आता जाणार. फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिला आहे. गेल्या वर्षीही तेवढंच राहिलं होतं. म्हणजे प्रगती स्थिर आहे.

विद्यार्थ्यांच्या भानगडीत पडणार नाही. विद्यार्थी म्हणजे फुटकी घागर. आत घालाल ते गावभर.

संकल्प: उद्यापासून सकाळी सातला खोलीत हजर.

४ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

आत्ताच पोचलो. घड्याळाचा गजर वाजला नाही. हिने बंद केला असावा. का, ते कळत नाही. पाळत ठेवतो.

दाराबाहेर शेवटच्या वर्षाचे तिघं उभे होते. एक तो उंच, ज्याला सगळे लंबू म्हणतात. एक चष्मेवाली, जी सगळं लिहून घेते. तिसऱ्याचा आवाज चार वर्षांत कोणी ऐकलेला नाही. त्याला मी मौनी म्हणतो. मला पाहताच बोलणं थांबलं. चांगलं बोलणारे लोक कोणाला पाहून थांबत नाहीत. चष्मेवाली म्हणाली, सर, दोन मिनिटं आहेत का. नाहीत म्हणालो. होती. पण माझ्याकडे किती मिनिटं आहेत हे यांना कशाला हवं?

६ फेब्रुवारी

दाराखालून पाकीट आलं. वर फक्त ‘सरांना’. विभागात अकरा सर आहेत. नेमकं माझ्याच दाराखालून का?

उघडलं नाही. पाकिटात कागद असतो, कागदावर सहीची रेघ असते आणि सही केली की माणूस संपला. शब्दकोशात ठेवून दिलं. ‘श’ च्या पानात. श म्हणजे शत्रू.

७ फेब्रुवारी, दुपार

अत्यंत गंभीर.

इमारतीमागे पंपघर आहे. त्याची आणि माझ्या खोलीची भिंत एकच. खिडकीतून वाकून पाहिलं तर लंबू हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून, डोळे मिटून, समाधी लागल्यासारखा उभा. दुसरं टोक कशाला टेकवलं होतं ते दिसलं नाही, पण दिशा माझीच होती. शेजारी पंपवाले काका मान डोलवत होते. मग मौनीनेही ऐकलं. मग चष्मेवालीने ऐकलं आणि लिहून घेतलं.

पंपवाल्या काकांशी माझा एकोणीस वर्षांचा नमस्कार. आजपासून बंद.

संध्याकाळी हिला सांगितलं, ते माझी खोली ऐकतायत. ही म्हणाली, ऐकू द्या की, पंख्याशिवाय काय ऐकू येणार आहे? मी म्हणालो, माझं संशोधन चोरतील. ही म्हणाली, अहो, चोरालाही चोरण्यासारखं काहीतरी लागतं. आणि कणीक मळत राहिली. संसारात इतकी वर्षं काढून माणूस असं बोलतो तेव्हा त्याला कोणीतरी शिकवलेलं असतं.

१० फेब्रुवारी

प्रयोगवही मी पहिल्यापासून संस्कृतात लिहितो. लहानपणी शास्त्रीबुवांच्या छड्या खाल्ल्या त्या अखेर अभियांत्रिकीच्या कामी आल्या. रुग्णः पम्पः। कम्पनं महत्। एवढं लिहिलं की विभागातल्या विभागात वही जणू तिजोरीत.

आज ती तिजोरी फुटली. प्रवेशद्वारावरच्या बोधचिन्हात जे संस्कृत वाक्य आहे, त्याचा अर्थ चष्मेवाली मौनीला सांगत होती. संधी सोडवून! समास ओळखून! एका क्षणी तर अभिमान वाटणार होता. आवरला.

१२ फेब्रुवारी

सापळा रचला. साधा पण जीवघेणा.

वहीत यापुढे दोन शाया. निळी पानं खरी. काळी पानं खोटी. काळ्या पानांवर ठणठणीत पंपाचे आकडे आजारी पंपाच्या नावावर आणि आजाऱ्याचे ठणठणीताच्या नावावर. चोर चोरणार आणि त्याचं यंत्र सगळं उलटं सांगणार. भर पाहणीत पकडला जाणार. खोटी पानं इतकं मन लावून लिहिली की दोन चुकीचे आकडे खोडून पुन्हा चुकीचे लिहिले.

खूश होऊन दुसरा चहा घेतला.

१३ फेब्रुवारी

शिपाईमामा टेबल पुसायला आले. म्हणाले, सर, आजकाल खिशात दोन पेनं? सहज विचारल्यासारखं विचारलं. सहज विचारलेल्या प्रश्नाइतकं ठरवून विचारलेलं काही नसतं.

म्हणजे फुटलं. लगेच शायांबाबत एक उपाय केला. तो काय ते इथे लिहिलं होतं, पण रोजनिशीही चोरली जाऊ शकते, म्हणून ती ओळ गिचमिड करून खोडली. उपाय डोक्यात आहे. डोक्याला कुलूप नसतं, पण हरवायला किल्लीही नसते.

१७ फेब्रुवारी

दुसरं पाकीट. यावर ‘अगत्याचं, २० तारखेच्या आत’. शत्रूला घाई झाली की समजावं आपली बाजू भक्कम आहे. शब्दकोश. ‘श’.

शेजारच्या खोलीतला तरुण सहकारी भेटला. दात पांढरे आहेत म्हणून सतत हसतो. म्हणाला, सर, ती मुलं रोज तुमच्या दाराशी उभी असतात, एकदा आत तरी घ्या बिचाऱ्यांना. मी म्हणालो, कोण मुलं? याचं स्वतःचं दार दिवसभर उघडं असतं. जो माणूस सतत दार उघडं ठेवतो त्याला काहीतरी लपवायचं असतं.

१९ फेब्रुवारी

बाईंकडे लेखी तक्रार. साडेतीन पानं. सदर तीन विद्यार्थी माझ्या वहीतील आकडे चोरून त्यावर यंत्र बनवीत आहेत, पाहणीच्या दिवशी त्यांची आणि माझी अशा दोन्ही वह्या समितीसमोर ताडून पाहाव्यात. वही कधी चोरली, कशी चोरली, हे लिहिलं नाही. ते शोधणं समितीचं काम. सगळं मीच का करायचं?

बाई एकेकाळी माझ्या विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायच्या. न्याय होईल.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

चारपासून दाराशी कुजबुज. दिवा बंद करून टेबलाखाली बसलो. या वयात टेबलाखाली बसणं जमतं, उठणं जमत नाही.

चष्मेवाली बाहेरून म्हणाली, सर, आत आहात ना? पंखा चालू आहे. मी टेबलाखालून पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद करावा तर आत असल्याची कबुली. लंबू म्हणाला, जाऊ दे, पाचपर्यंत कागद द्यायचाय, सरांना नकोय तर नकोय, शेजारी जाऊ. मग काही तरी पुटपुटल्यासारखं झालं. मौनी असावा. काय म्हणाला ते कळलं नाही. चार वर्षांनी तोंड उघडलं आणि मी टेबलाखाली.

पाच मिनिटांनी शेजारच्या खोलीतून हसण्याचा आवाज. युती झाली. लिहून ठेवतो: सायंकाळी ४.५२.

२५ फेब्रुवारी

नाडीवैद्याला आकडे भरायचे आहेत. वही उघडली. एक छोटीशी अडचण.

शायांबाबत १३ तारखेला उपाय कोणता केला? निळं खोटं आणि काळं खरं असं उलट केलं, की उलट करायचं ठरवून शत्रूला चकवण्यासाठी तसंच ठेवलं? रोजनिशीतली ती ओळ उजेडासमोर धरून पाहिली. खोडायचं काम मी फार उत्तम केलं आहे.

हिला विचारलं, मी तुला शाईबद्दल काही बोललो होतो का? ही म्हणाली, शर्टाच्या खिशाला डाग पडलाय एवढंच मला माहीत आहे. डाग कोणत्या रंगाचा? म्हणे, दोन्ही.

शांतपणे विचार केला. काळी पानं कशी सुवाच्य आहेत. सत्याची मांडणी नेहमी नीटनेटकी असते. काळी खरी. भरली.

पंपघरात नेऊन एकदा लावून पाहायला हवं होतं. पण तिथे काका असतात आणि काका फितूर आहेत. शिवाय ज्याला स्वतःवर विश्वास आहे त्याला चाचणी लागत नाही.

२६ फेब्रुवारी

उद्या न्याय. इस्त्रीचा शर्ट. बारा नंबरच्या दारावर नावाची नवी पाटी करायला टाकावी का?

२७ फेब्रुवारी

इमारतीमागे दोन पंप चालू करून ठेवले होते. एक कोरा नवा. दुसरा तो जुना, ज्याचं रडणं दोन मजले ऐकू जातं.

आधी माझी पाळी. नाडीवैद्य नव्या पंपाला लावला. लाल दिवा. घरघर लागल्यासारखी शिट्टी. निदान: मरणासन्न. समितीतले एक म्हातारे गृहस्थ नव्या पंपाकडे हळहळून पाहू लागले. मग जुन्याला लावला. हिरवा दिवा. निदान: निरोगी, शतायुषी.

मग ते तिघं. त्यांनी लॅपटॉप आणि एक काड्यापेटीएवढा डबा आणला होता. लंबू म्हणाला की पंपवाले काका स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बेअरिंगचा आवाज ओळखतात, आम्ही काकांकडून ऐकायला शिकलो आणि मग तोच आवाज आकड्यांत मोजला. काका मागे नवा शर्ट घालून उभे होते. मग लंबू म्हणाला, हा जुना पंप दहा मिनिटांत अडकेल, कृपया सगळे जरा मागे व्हा.

आठव्या मिनिटाला अडकला. धूर. लंबूने दोन मिनिटांच्या फरकाबद्दल समितीची क्षमा मागितली.

मी उभा राहिलो. म्हणालो, हे सगळं माझ्या वहीतून आलेलं आहे, माझी तक्रार वाचा, वह्या ताडून पाहा. बाईंनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. माझी संस्कृतातली कोणालाच कळेना. शेवटी चष्मेवालीला वाचायला सांगितलं. तिने सगळ्यांना अर्थ सांगितला. अचूक. एका ठिकाणी माझी विभक्ती चुकली होती ती तिने न बोलता सुधारून घेतली.

बाईंनी माझी वही मागे मागे चाळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, सर, यांनी तुमची ही पानं चोरली असती तर यांचंही उलटंच आलं असतं ना.

कोणी हसलं नाही. म्हातारे गृहस्थ फक्त खोकले. बाई पुढे म्हणाल्या, पण वहीची आधीची सहा वर्षांची पानं फार चांगली आहेत, सर. हळू आवाजात म्हणाल्या. बाकावर बसायच्या तेव्हाही असंच हळू बोलायच्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी

खोली बारा विद्यार्थी प्रकल्पाला. मार्गदर्शक: शेजारचा. किल्ली आज पाचपर्यंत द्यायची.

खोकी भरताना शब्दकोश हातातून पडला. ‘श’ उघडला.

पहिलं पाकीट. मार्गदर्शकाच्या संमतीचा अर्ज. नाव छापलेलं होतं. माझं. सहीची रेघ तेवढी मोकळी. सोबत चिठ्ठी: सर, दुसऱ्या वर्षाला तुम्ही वर्गात म्हणाला होतात की यंत्र बोलत असतं, ऐकणारा हवा. प्रकल्प तिथूनच सुचला. तुम्हीच मार्गदर्शक हवेत. खाली तीन सह्या. मौनीचं अक्षर सुरेख आहे.

दुसरं पाकीट. तोच अर्ज. चिठ्ठीत एवढंच: सर, तुम्ही सही केलीत तर खोलीही वाचेल.

असं कधी म्हणालो होतो, आठवत नाही. म्हणालो असेन. वाक्य बरं आहे.

संध्याकाळ, ५.१०

किल्ली दिली. मामांनी दार धरलं. चष्मेवाली म्हणाली, सर, खिडकीशी तुमची खुर्ची तशीच राहील, केव्हाही येऊन बसा. आणि ती जुनी सहा वर्षांची वही वाचायला द्याल का? तेवढे आकडे आमच्याकडे नाहीत.

विचार करून सांगतो म्हणालो.

खुर्ची का ठेवतायत? कोणी कोणासाठी उगाच खुर्ची ठेवत नाही. ते तिघं खोकी उचलायला बाहेर गेले तेव्हा खुर्ची उलटी करून नीट पाहिली. चारही पाय पाहिले. बैठकीखाली हात फिरवला.

काही नव्हतं.

सरळ केली. वही तिच्यावर ठेवून आलो.