सहीपुरती जागा

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेलं ॲफिडेव्हिट मिळालं. टायपिंग भिकार आहे. बहीण जन्मभर नोटरीकडे हेच टाइप करतेय, निदान समास तरी नीट सोडायचास. मजकूर मात्र चोख: अपघाताच्या संध्याकाळी तू माझ्याकडे होतास, जेवलास, गाडी दारात उभी होती. खाली माझ्या सहीपुरती जागा. तुझी बायको फोनवर म्हणते, ताई, एक सही तर करायचीय. जणू कुरिअर आलंय.

आमचे साहेब रिकामे असले की ज्ञान पाजळतात. परवा म्हणाले, बाई, ॲफिडेव्हिट हा शब्द लॅटिन. मुळाशी ‘फिडेस’, म्हणजे विश्वास. अख्खा अर्थ, ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे’. मी म्हटलं, साहेब, आपल्याकडे तो विश्वास लोक तीन प्रतींत देतात. ते खो खो हसले. मला हसू आलं नाही. तुझा कागद पर्समध्ये होता.

शिक्का मारण्याआधी साहेब प्रत्येकाला त्याचा कागद मोठ्याने वाचायला लावतात, तुला ठाऊक आहे. खोटं आलं की भलेभले पाणी मागतात. म्हणून मी तुझा कागद ओट्यापुढे उभी राहून वाचून पाहिला. ‘गाडी माझ्या दारात’ इथे आवाजच फुटेना.

आणि काल त्या अपघातातल्या मुलीची आई आमच्या ऑफिसात आली, तिचा जबाब टाइप करून घ्यायला. मुलगी अजून शुद्धीवर नाही. आई सांगत होती, मी टाइप करत होते: पांढरी गाडी, थांबली नाही, मागच्या काचेवर पिवळं बदक. धाकट्या, ते बदक तुझ्या लेकीसाठी मीच चिकटवलंय ना रे! माझं टायपिंग थांबलं. काय झालं ताई, म्हणाली. तीही ताईच म्हणाली. मग तिने सगळं वाचलं. एकदाही अडखळली नाही.

तेव्हापासून दार वाजलं की आधी फटीतून बघते. पोलीस असतील म्हणून घाबरते, आणि तू असशील म्हणून त्याहून जास्त. तू तुरुंगात गेलास तर तुझी लेक मला आत्या म्हणेल का, हे मनात आलं की ताट तसंच सरकवते.

तरी तुझा कागद सही न करताच परत पाठवतेय. सोमवारी साहेबांपुढे मी माझा कागद वाचणार आहे: त्या संध्याकाळी तू माझ्याकडे नव्हतास. त्याआधी तू स्वतः पोलिसांकडे जा. एकट्याने धीर होत नसेल तर इकडे ये. लहानपणी इंजेक्शनला न्यायचे तसा हात धरून नेईन. या खेपेला माझाही हात थरथरेल, तेवढं सांभाळून घे.

तुझीच, घाबरलेली,
ताई