तीन वेळा चार, चौथ्यांदा दोन

३ मार्च, मंगळवार

१. काल संध्याकाळी सहा वाजता ‘खाणीतला’ची चाचणी झाली. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा राक्षसपट. दोन वर्षं आम्ही तो एकेक चौकट करून साफ करतो आहोत. खुर्च्या १८०, माणसं १६३.
२. शेवटी प्रत्येकाला अभिप्रायाचं कार्ड दिलं. परत आली १५१.
३. चौथ्या भागात शास्त्रज्ञ राक्षसाला पाण्याच्या टाकीत तळाशी साखळीने बांधतात. तो साखळीला चार झटके देतो. थांबतो. पुन्हा चार. पुन्हा चार. मग दोनच, आणि दृश्य तुटतं.
४. राहिलेले दोन झटके प्रेक्षक पाय आपटून पुरे करतात. ही जुनी रीत आहे, कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नाही. काल जवळजवळ सगळ्यांनी एकदम पाय आपटले. माझं पेन टेबलावरून घरंगळलं.
५. त्या झटक्यांचा आवाज मी सहा डेसिबलने वाढवला होता. प्रमुखांनी सांगितल्यावरून — पण माझ्या हाताने.
६. ‘सर्वांत आवडलेलं दृश्य’ या रकान्यात १४० जणांनी साखळी लिहिली आहे.
७. कार्ड क्रमांक ८८ वेगळं आहे.

८८ बद्दल उद्या. आज बाकीची तक्त्यात भरली. काही जशीच्या तशी उतरवते, कारण तक्त्यात ती मावत नाहीत.

“राक्षसाच्या पाठीवरची शिवण दिसते. तरी घाबरलो.”

“खाण पाण्याने भरली, अख्खं गाव वाहून गेलं, पण शास्त्रज्ञाचा भांग मोडला नाही. कोणतं तेल?”

“राक्षस एक शब्द बोलत नाही. तरी माझ्या नवऱ्यापेक्षा त्याचं जास्त कळतं.”

“आत माणूस आहे हे माहीत असतं. त्या साखळीच्या वेळी मात्र ते जास्तच माहीत होतं. का ते सांगता येत नाही.”

या शेवटच्या बाईंच्या कार्डावर पाचपैकी पाच तारे. मी नाही, त्यांनीच दिलेत.

४ मार्च, बुधवार

कार्ड ८८. तारे नाहीत. रकाने सोडून आडवं लिहिलंय, अक्षर मोठं आणि सावकाश:

“पाण्याखालून चार झटके म्हणजे ‘मला वर घ्या’. जगात कुठेही. तो अभिनय करत नाहीये. आणि तुम्ही सगळे पाय आपटत होतात. — पाणबुड्या, निवृत्त.”

खाली बंदराजवळच्या पंपदुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता.

पहिल्यांदा वाटलं, असतात अशी माणसं. मग मोजलं. प्रत्येक दोन झटक्यांमध्ये वीस चौकटी. एकोणीस नाही, एकवीस नाही — तिन्ही वेळा वीस. याच सिनेमात आधी दोनदा राक्षस साखळी ओढतो. तिथे सात, तेरा, एकतीस, मन मानेल तसं. धडपड दाखवणारा माणूस मोजून ओढत नाही. सांगणारा माणूस मोजून ओढतो.

आणि हे इथे लिहून ठेवते. ऑफिसात ते सगळ्यांना गंमत म्हणून माहीत आहे. त्या साखळीचं वरचं टोक ज्याच्या हातात होतं तो एकवीस वर्षांचा दिव्यांचा मदतनीस म्हणजे माझे बाबा.

घरातला हा सगळ्यात जुना विनोद. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते — “यांनी राक्षसाला बांधून ठेवलं, मी कुठे सुटणार!” सगळे हसतात. बाबाही हसतात. सिनेमा मात्र त्यांनी कधीच पाहिला नाही. विचारलं की म्हणतात, “मी तो आतून पाहिलाय.”

५ मार्च, गुरुवार

कात्रीला ८८ दाखवलं. कात्री म्हणजे आमचे प्रमुख. चाळीस वर्षं संकलन केलं, आता माणसांची वाक्यंही मध्येच कापतात.

“चार म्हणजे वर घ्या? वा! हे जाहिरातीत—”

म्हटलं, सर, हे खरं असेल तर.

“अगं, हा सिनेमा आहे, पंचनामा नाही. वीस तारखेला पहिला खेळ. चौदाला प्रत कायम होणार. तू अजून तीन डेसिबल चढव. खुर्च्या हादरल्या पाहिजेत.”

जाता जाता — “आणि साखळीवाले काका येताहेत ना? पहिल्या रांगेत बसवू. मंचावर दोन शब्द बोलतील, लोकांना आवडेल.”

निमंत्रण परस्पर घरी गेलंय. मला न विचारता.

तीन डेसिबल चढवले नाहीत.

७ मार्च, शनिवार

सुट्टी. पंपाच्या दुकानात गेले.

म्हातारा स्टुलावर बसून एक रबरी पट्टा घासत होता. मी कार्डाबद्दल म्हणताच पट्टा खाली ठेवला.

“आलीस. मला वाटलं, कचऱ्यात टाकलं असेल. बस. त्या स्टुलावर नको, तो एका पायाने लंगडा आहे, माझ्यासारखा.”

पाण्याखालच्या खुणा त्यांनी बोटांवर सांगितल्या: एक झटका — ठीक आहे. दोन — सैल सोड. तीन — ताण घे. चार — वर घे. वरच्या माणसाला एकच नियम: जितके आले तितके परत द्यायचे. “म्हणजे खालच्याला कळतं, कुणीतरी ऐकलंय. पाण्यात तेवढाच आधार असतो, पोरी. हवा नंतर.”

राक्षसाच्या रबरी पोशाखात कोण होता ते त्यांना माहीत होतं. त्यांच्यातलाच एक. त्याला सगळे ‘दमदार’ म्हणत, कारण दम सगळ्यात मोठा. सिनेमावाल्यांनी त्याला तीन आठवड्यांसाठी नेलं होतं. खुणेचा वेगळा दोर चित्रात दिसेल म्हणून तो काढून घेतला. राहिली साखळी.

“बाहेर काढला तेव्हा जिवंत होता. दवाखान्यात दोन दिवस. मग गेला. वर कागद काय आला? कामावर दारू पिऊन आला होता! अहो, तो माणूस खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत द्यायचा.”

मुलगी तेव्हा चार वर्षांची. आता बावन्नची, शिवणकाम करते. लहानपणापासून तिला दारुड्याची म्हणून ओळखतात. आईने नवऱ्याचा फोटो पेटीत तळाशी ठेवला होता, भिंतीवर कधी लावला नाही. त्या बाई गेल्या.

निघताना त्यांनी विचारलं, “वर साखळी कोणाच्या हातात होती, काही सापडलं का तुमच्या कागदांत?”

म्हटलं, बघते.

खोटं नाही बोलले. खरंही नाही.

मुलीचा पत्ता त्यांनी पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहून दिला.

८ मार्च, रविवार

घरी. बाबांनी निमंत्रणपत्र खिडकीशी उभं करून ठेवलंय. आई त्यांचा कोट झटकत होती. “बटणं लागत नाहीत. राक्षस धरला तेव्हा कंबर केवढी होती यांची!”

बाबा हसले नाहीत. प्रथमच लक्षात आलं — की प्रथमच पाहिलं?

“बाबा, तो साखळीचा प्रसंग—”

“कामाचं ऑफिसात.”

९ मार्च, सोमवार

तळघरातल्या डब्यांत चौथ्या भागाची ध्वनिफीत सापडली. चित्रीकरण चालू असताना सेटवर जे काही ऐकू येत होतं ते सगळं. सिनेमात यातलं फक्त साखळीचं खणखणणं वापरलं. बाकी कुणी ऐकलेलं दिसत नाही. डब्यावरची चिकटपट्टी मूळचीच आहे, नंतर कुणी उघडलेली नाही. फीत आंबट वासाची, कडा वळलेल्या. मंद उबेत वाळवायला ठेवली. उद्या.

१० मार्च, मंगळवार

लांबी ११ मिनिटं ०४ सेकंद. कामाचं तेवढंच उतरवते.

३:१२ — दिग्दर्शक: “धर. तो जितका ओढेल तितकं घट्ट.”
३:४० — साखळी, चार.
३:५१ — साखळी, चार. एक तरुण आवाज: “साहेब, चार झाले.” दिग्दर्शक: “चालू दे.”
४:०२ — साखळी, चार. तोच आवाज: “साहेब, वर घेऊ?” दिग्दर्शक: “हलू नकोस! बुडबुडे सुरेख येताहेत.”
४:१३ — साखळी, दोन.
मग ४१ सेकंद कुणीही बोलत नाही.
४:५४ — “कट. झकास.”
६:४६ — पाण्यातून काहीतरी जड वर आल्याचा आवाज. मग सगळे एकदम बोलतात, काही कळत नाही.

तरुण आवाज कुणाचा ते मला यंत्रावर पडताळायची गरज नव्हती. तरी पडताळला.

बाबांनी विचारलं होतं. बरं वाटलं. मग ते ४१ सेकंद पुन्हा ऐकले, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

११ मार्च, बुधवार

कात्रीने पूर्ण ऐकलं. मध्ये एकदाही कापलं नाही. मग उठून दार लावलं.

“हे कुणी कुणी ऐकलंय?”

“मी. आता तुम्ही.”

“म्हणजे कुणीच नाही.” बसले. आवाज अगदी मऊ. “दिग्दर्शक गेले. निर्माते गेले. या फितीत जिवंत माणूस एकच आहे, आणि तो तुझ्या घरी जेवतो. लोक पहिल्यांदा कुणाचं नाव विचारतील? मी तुझ्याच काळजीने सांगतोय. फीत आंबलेली आहे म्हणतेस ना? आंबलेल्या फिती जातात. रोज जातात.”

मी जागेवर आले आणि नोंदवहीत फितीची नोंद केली. क्रमांक, लांबी, स्थिती: ऐकण्यायोग्य. आशय: वरचाच, वेळांसकट. नोंद एकदा झाली की खोडता येत नाही. सही करून चूक दाखवावी लागते. नोंदीची प्रत दुसऱ्या इमारतीत आपोआप जाते.

मग चौथा भाग उघडला. सहा डेसिबल खाली, मूळ होतं तिथे. कात्रीला लिहून कळवलं. लपवाछपवी नको.

उत्तर: “ठीक.” बाकी काही नाही. मला हे ‘ठीक’ आवडलेलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

दुपारची रजा टाकली. आई दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. बाबांच्या समोर बसले. फीत सापडली, म्हटलं.

त्यांनी खिडकीतलं निमंत्रणपत्र उचललं आणि पालथं ठेवलं.

“त्यानेच शिकवलं होतं मला. सकाळी, चहा पिताना. चार आले की चार परत द्यायचे, मग ओढायचं. मी दोनदा विसरलो तर हसून म्हणाला, अरे, माझा जीव आहे तो, पाढा नाही.”

मग — “मी विचारलं होतं साहेबांना. आहे ना त्यात?”

“आहे.”

“किती वेळा?”

यंत्रासारखं उत्तर देऊ नये हे मला कळत होतं. दुसरं काही येत नव्हतं.

“दोन वेळा.”

“तीन.”

“दोन, बाबा. त्यातही एकदा तर विचारलंही नाही. ‘चार झाले’ एवढंच सांगितलंत.”

त्यांनी बोटं मोजली. खरंच मोजली. “मी तीन धरून चाललोय. इतकी वर्षं. तीन वेळा विचारलं, याच्यापुढे माणूस काय करणार — असं.” हात मांडीवर ठेवला. “साहेबांनी हलू नको म्हटलं, तर मी झटके परतही दिले नाहीत. एक साधा झटका, गं. त्याला कळलं असतं, कुणीतरी आहे.”

मी पाणी आणून दिलं. प्यायले नाहीत.

आई आली तेव्हा तिने दारातूनच विचारलं, “काय झालं? राक्षस सुटला की काय?”

मग तिने आमचे चेहरे पाहिले आणि चपला न काढताच येऊन बसली.

१३ मार्च, शुक्रवार

बाबांनी शिवणकाम करणाऱ्या बाईंचा पत्ता मागितला. पुठ्ठा दिला. दिवसभर टेबलाशी. आई दोनदा आत डोकावली, दोनदा परत फिरली.

ऑफिसात माझा चौथ्या भागाचा प्रवेश बंद. संकेतशब्द चालत नाही. झटके आता नऊ डेसिबलने चढवलेत, असं सहकारी म्हणाली. पहिल्या खेळाची तिकिटं संपली.

१४ मार्च, शनिवार

पत्र आज गेलं. पाकीट बंद करण्याआधी बाबांनी वाचायला दिलं. शेवटून दुसरा परिच्छेद मला माहीत नव्हता. आईलाही नव्हता. उतरवून ठेवते:

“ताई,

तुमचे वडील पाण्याखालून वर घ्या म्हणत होते, तेव्हा साखळी माझ्या हातात होती. मला खूण माहीत होती. मी साहेबांना दोन वेळा सांगितलं आणि धरून राहिलो.

ते दारू प्यायले होते या कागदावर साक्षीदार म्हणून दोन सह्या आहेत. दुसरी माझी आहे. ते प्यायले नव्हते. सकाळी आम्ही एका किटलीतला चहा घेतला होता.

वीस तारखेला त्या सिनेमाच्या खेळाला मला मंचावर बोलावलं आहे. हेच तिथे सगळ्यांसमोर सांगून सही मागे घ्यायची, असं मी ठरवलं आहे. पण नाव तुमच्या वडिलांचं आहे, म्हणून आधी तुम्हाला विचारतो. नको म्हणालात तर तिथे जाणार नाही, म्हणाल तिथे येऊन सांगेन. हो किंवा नाही, अठरा मार्चपर्यंत कळवावे.”