चष्मेवाल्याची जिरवण्यासाठी एक दिवसाची सहल

रविवार, २० सप्टेंबर. दुपारी १.१५
बिल्डिंगची मीटिंग झाली. नऊ वर्षं मी सहलप्रमुख होतो. आजपासून नाही.

हात वर करून मतदान घेतलं. माझ्या बाजूने दोन हात. एक माझा. दुसरा चौथ्या मजल्यावरच्या रिटायर्ड मुख्याध्यापकांचा, आणि ते नंतर म्हणाले की त्यांना फक्त पंखा बंद करा असं सांगायचं होतं.

नवा प्रमुख कोण, तर तळमजल्यावरचा चष्मेवाला. इथे येऊन जेमतेम दीड वर्ष झालंय. खाली दुकान, मागे घर, आणि येताजाता सगळ्यांना हसून दाखवायची खोड.

माझ्यावर आरोप दोन. एक, मागच्या सहलीत सात ठिकाणं होती आणि त्यातली पाच लोकांनी बसच्या खिडकीतून पाहिली. दोन, शिट्टी. यावर मी काय बोलणार? सात ठिकाणं पाहिली हे त्यांनीच कबूल केलं.

हिनेही हात वर केला नाही. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली हातात चहाचा ट्रे होता. ट्रे होता हे खरं. शेजारी टेबलही होतं. असो.

ठराव : चष्मेवाल्याची जिरवायची.

मंगळवार, २२ सप्टेंबर. सकाळी ८.०५
सूड रागाच्या भरात घ्यायचा नाही. थंड डोक्याने. शत्रूचा आधी अभ्यास.

लिफ्टमध्ये त्याला सहज विचारलं की पहिली सहल किती वाजता निघणार. म्हणाला, साधारण सातच्या सुमारास, सगळे आले की. साधारण! सुमारास! मी सव्वीस वर्षं बंदराच्या ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीची वेळ मिनिटासकट लिहितोय. एकदा जरी 'साधारण' लिहिलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. आणि हा गृहस्थ चाळीस माणसं शहराबाहेर नेणार.

आजपासून त्याच्या दुकानावर बहिष्कार. काल पेपर आपटताना माझ्या चष्म्याची काडी मोडली, तरी त्याच्याकडे जाणार नाही. सहा वर्षांपूर्वीचा जुना चष्मा ड्रॉवरमध्ये सापडला. उत्तम चालतोय. लांबचं जरा पुसट दिसतं, पण लांबचं बघून करायचंय काय?

रविवार, २७ सप्टेंबर. सकाळी ७.३०
त्यांची सहल गेली. ७.२५ ला. पंचवीस मिनिटं उशीर. नोंद केली.

जाणार कुठे, तर डोंगरातल्या तळ्यावर. दिवसभर एकच ठिकाण. काय कल्पनाशक्ती!

ही गेली नाही. बस कोपऱ्यावरून वळेपर्यंत खिडकीत उभी होती. मी म्हटलं, आपण याच्यापेक्षा भारी जाऊ. ती म्हणाली, मला भारी नको, एकदा फक्त पाण्यात पाय सोडून दुपारभर बसायचंय. मी म्हटलं, शहराला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, अजून किती पाणी हवं. तर म्हणे इथे समुद्राजवळ उभं राहायला जागा मिळत नाही, बसायचं कुठे, आणि कानाशी सारखे हॉर्न. मुद्दा रास्त आहे. मागणी लिहून घेतली : तळं, २० मिनिटं.

संध्याकाळी ७.४०
परतले. तोंडं उन्हाने लाल, सगळे मोठमोठ्याने गात. जिन्यात मुख्याध्यापकांना गाठून विचारलं, काय काय पाहिलंत? म्हणाले, काही नाही, झाडाखाली झोपलो होतो. म्हणजे सपशेल फजिती. तरी बिल्डिंगमध्ये जो तो विचारतोय, पुढची कधी? लोकांना अक्कल नाही, एवढंच यातून सिद्ध होतं.

सोमवार, २८ सप्टेंबर. ऑफिस, सकाळी ११.१०
योजना सुचली! बोटीची नोंद करता करताच सुचली. (बोटीची वेळ राहिली. नंतर मागून विचारून घेतली.)

१८ ऑक्टोबरला ते पुन्हा त्याच तळ्यावर जाणार आहेत. त्याच दिवशी माझीही सहल. मी सहाच्या ठोक्याला निघणार. ८.५० ला तळ्यावर. सावलीतली सगळी जागा चटया टाकून अडवायची. ९.१० ला आपण पुढे निघायचं : किल्ला, गुहा, धबधबा, घड्याळांचं म्युझियम. चटया तिथेच राहतील. चष्मेवाला चाळीस माणसं घेऊन साधारण दहाच्या सुमारास येणार, आणि उन्हात उभा राहणार. चटयांवर मी आधीच नाव घालून ठेवणार. हात लावून तर बघू दे.

फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. दुपारी दोन कप चहा घेतला.

सोमवार, ५ ऑक्टोबर. रात्री ८.००
लिफ्टमध्ये नोटीस लावली होती. प्रतिसाद ठीक. मेव्हणा, त्याची बायको, तीन पोरं. मुख्याध्यापक (त्यांना दोन्ही सहली एकच वाटतायत, मी गैरसमज दूर केला नाही). मी आणि ही. एकूण आठ. मोजकी पण निवडक माणसं.

ही आधी बघू म्हणत होती. तीनदा बघू म्हणाली. मग विचारलं की चष्मेवाल्यांची बस त्याच तळ्यावर दिवसभर थांबणार ना. मी हो म्हटलं. त्यावर म्हणाली, येते तुमच्याबरोबर, नाहीतर तुमच्याबरोबर येणार कोण. याला म्हणतात निष्ठा!

नोटिशीखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय : शिट्टी असणार का? हस्ताक्षराचा तपास चालू आहे.

रविवार, ११ ऑक्टोबर. दुपारी ४.००
वेळापत्रक टाइप करून झालं. चार पानं. प्रत्येकाला एक प्रत.

नवा नियम : निघाल्यापासून परत येईपर्यंत सगळ्यांचे फोन बंद. चष्मेवाला वाटेत फोन करून आपली माणसं फोडू शकतो. नियम सगळ्यात आधी मला लागू. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, ही सहल आहे की नौदल. कौतुक म्हणून घेतलं.

शनिवार, १७ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.५०
सगळं तयार. नऊ चटया, नावासकट.

जिन्यात चष्मेवाला भेटला. म्हणाला, काल सकाळी तुम्ही लेटरबॉक्सला गुड मॉर्निंग म्हणालात, चष्मा आणून द्या, दहा मिनिटांत काडी बसवतो, पैसे वगैरे काही नको. मी थंडपणे म्हटलं, उद्या तळ्यावर भेटूच. तर आनंदाने म्हणाला, अरे वा, मग जेवायला एकत्रच बसू! इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नाही.

ही दुपारपासून ओट्याशी आहे. आठ जणांची सँडविचेस, अंडी, फळं. मोठी टोपली भरली.

रविवार, १८ ऑक्टोबर. पहाटे ५.५८
सगळे मिनीबसमध्ये. मोजले : आठ. ही मागच्या सीटवर डोक्यावरून शाल घेऊन पेंगतेय.

६.००
निघालो. सेकंदाचाही फरक नाही. चष्मेवाल्याचं शटर बंद. झोप लेका, झोप.

७.३०
शहर मागे पडलं. मेव्हण्याचं अख्खं कुटुंब घोरतंय. हिच्याकडे दोनदा वळून हात केला. तिने केला नाही. चारला उठवलं म्हणून रुसली असेल. चष्मेवाल्याचा डाव आपण कसा उधळणार हे इथूनच तिला मोठ्याने समजावून सांगितलं. चांगली वीस मिनिटं. एकदाही मध्ये तोडलं नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, माझं इतकं शांतपणे तिने कधी ऐकलं नव्हतं. प्रवासाने माणसं जवळ येतात ती अशी.

९.०५
आपण थोडे मागे आहोत. ड्रायव्हर वाटेत नाश्त्याला थांबला, वेळापत्रकात नसताना. आता फाटा आलाय. पाटी मी स्वतः वाचली : तळं डावीकडे. ड्रायव्हर म्हणतो उजवीकडे. मेव्हणा डोळे चोळत म्हणतो उजवीकडे. सहलप्रमुख कोण आहे इथे? डावीकडे.

१०.२०
दगडाची खाण. तळं नाही. पहारेकरी म्हणाला की गेल्या वीस वर्षांत इथे सहल आलेली त्याने पाहिली नाही. मेव्हण्याच्या पोरांना खाण फार आवडली, म्हणून थांबलो. किल्ला आणि गुहा रद्द. चटयांचा प्रश्न गंभीर.

११.४०
भूक लागली. सँडविच मागायला मागे गेलो. हिने उत्तर दिलं नाही म्हणून शाल जरा बाजूला केली.

शालीखाली टोपली आहे. फक्त टोपली.

११.५५
फोन चालू केला. हिचे मेसेज.
५.५९ : वेळापत्रकं टेबलावर विसरलात, आणायला वर गेले होते, आले.
६.०२ : खाली आहे. बस कुठे आहे?
६.१० : अहो.
६.४० : चष्मेवाले म्हणतात आमच्याबरोबर चला. जाते.
९.५० : पोचलो.

मेव्हण्याला फैलावर घेतलं, सख्खी बहीण बसमध्ये नाही हे तुला कळू नये? म्हणाला, मला वाटलं ऐन वेळी तिने विचार बदलला, आणि मला त्यात नवल वाटलं नाही.

१२.१०
सगळं स्पष्ट आहे. हे सरळसरळ अपहरण. पण मी त्याच्या सापळ्यात अडकणार नाही. तळ्यावर जायचंच नाही! थेट धबधबा. बसू दे त्याला माझ्या बायकोला सांभाळत, वाट बघत. पस्तावेल.

सगळ्यांनी मतदान मागितलं. मुख्याध्यापकांनी या वेळी नीट विचार करून हात वर केला. माझ्या विरुद्ध. सहा विरुद्ध एक. ड्रायव्हरने मत नसताना हॉर्न वाजवला.

दुपारी १.५०
तळं. मी निषेध म्हणून बसमध्येच बसलोय. आमची सगळी माणसं उतरून त्यांच्यात मिसळली. टोपलीही नेली. सावलीत सगळ्यांना जागा पुरली. माझ्या चटया वापरतायत, माझ्याच नावावर बसून!

लांब एका दगडावर पाण्यात पाय सोडून कुणीतरी बसलंय. या चष्म्यातून नक्की सांगता येत नाही, पण ही असावी. हसतेय असं वाटतं.

माझा निषेध लवकरच सगळ्यांच्या लक्षात येईल.

३.३०
आला नाही.

४.१५
ही खिडकीशी आली. साडी गुडघ्यापर्यंत ओली. दोन सँडविचेस दिली. म्हणाली, चला, थोडा वेळ पाण्यात पाय सोडा. मी म्हटलं, माझा निषेध चालू आहे. कशाचा, असं तिने विचारलं नाही. बरं, म्हणाली आणि परत दगडावर जाऊन बसली.

रात्री ८.३०
येताना ती आमच्याच बसमध्ये आली. माझ्या शेजारी बसली. मी चष्मेवाल्याबद्दल बोलायला सुरुवात केली, तर तिला झोप लागली होती.

सोमवार, १९ ऑक्टोबर. सकाळी ७.३०
रजा टाकली आहे. अंग दुखतंय.

चहा पिताना हिने एकच गोष्ट विचारली. मी बसमध्ये नाही हे तुमच्या कधी लक्षात आलं? मी म्हटलं, लगेच. निघालो आणि लगेच. पण रस्ता वन-वे होता, वळवता आली नाही.

ती म्हणाली, मेसेज वाचल्याची वेळ दिसते. अकरा पंचावन्न.

आवाज चढला असता तर माझ्याकडे उत्तर होतं, फोन बंद ठेवायचा नियम वगैरे. चढला नाही. म्हणाली की काल तळ्यावर पोचेपर्यंत ती फोन हातातच धरून होती, बस मागे वळेल म्हणून. चष्मेवाल्यांनी तिला पुढची सीट दिली होती, समोरून येणारी गाडी आधी दिसावी म्हणून. पोचल्यावर अर्धा तास आणखी धरला. मग पिशवीत टाकला आणि पाण्यात पाय सोडले.

एवढं सांगून कप उचलून आत गेली.

मला वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, हे कुणी वाचणार नाही. चष्मेवाल्याबद्दल बरंच लिहायचं ठरवलं होतं, पण आज सुचत नाही. सूड पुढे ढकलतो.

९.१०
एक मुद्दा राहिला होता. अकरा पंचावन्नला मी फोन उघडला. ती नाही हे कळलं ११.४० ला. हा पंधरा मिनिटांचा फरक माझ्या बाजूचा आहे, तो तिला सांगायलाच हवा म्हणून स्वयंपाकघरात गेलो. नव्हती. बेडरूममध्ये नव्हती. दारातल्या चपला नव्हत्या.

सकाळपासून मी इथेच, दाराशेजारी बसून लिहितोय. किती वाजता बाहेर पडली, ते मला सांगता येणार नाही.