वीसपैकी वीस

५ एप्रिल २०२०, बेस्ट गाव, नेदरलँड्स
विमानं बंद. मुलाकडे, अभिरामकडे, अडकलेच आहे, तर इथल्या मंडळाचा झूमवरचा मराठी वर्ग हाती घेतला. सात मुलं, त्यात आमची नात ऋता. आधीच्या शिक्षिकेची, रूपालीची, तपासणीची पद्धत पाहिली: दर पाच मिनिटांनी मुलं अंगठा दाखवतात. वर म्हणजे समजलं, खाली म्हणजे नाही. शी! साताऱ्यात एकतीस वर्षं शिकवलं, पण अंगठे बघून निकाल लावला नाही.
संकल्प: दर रविवारी वीस शब्दांचं शुद्धलेखन. जूनमध्ये सगळी वाचतील. नाही वाचली तर वर्ग परत रूपालीला. मंडळाला लेखी कळवलं.

१२ एप्रिल
सातही अंगठे खाली. उद्धट कार्टी! 'हात खाली! पुढे!' असं खडसावलं. रूपाली मध्येच म्हणाली, काकू, त्यांना खरंच कळत नाहीये हो. तिचा माइक म्यूट केला.

२६ एप्रिल
अंगठे अजून चालूच. आज नऊ वेळा 'हात खाली! पुढे!' घसा बसला.
पण वह्यांचे फोटो आले, सहा जणांना वीसपैकी वीस! अक्षर तर किती पोक्त. मल्हार सात वर्षांचा, पण त्याचा 'क्ष' आमच्या हेडमास्तरांसारखा.
ऋताला दोन. माझ्याच घरात! लाज वाटली.

३ मे
अभिराम म्हणतो, आई, अगं बाकीच्यांच्या वह्या त्यांच्या आया लिहितात, आम्हाला दोघांना मीटिंगमधून वेळ नाही एवढंच. स्वतःच्या मुलीला मार्क कमी पडले की बापाला असलंच सुचतं. किळसवाणा मत्सर.

३१ मे
मंडळाला रिपोर्ट पाठवला. प्रगती शंभर टक्के, ऋता वगळून.

१४ जून
पार्कात प्रत्यक्ष वाचन. आया दीड मीटरवर, मंडळाचे शिरीष खुर्ची टाकून बसलेले.
मल्हारला 'बदक' दिलं. तो डचमध्ये म्हणाला, माहीत नाही. स्वानंदी आईच्या ओठांकडे बघत बसली. बाकीचे बुटांकडे. ऋताने एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं: ब, द, क. बाकी कुणी नाही.
शिरीष म्हणाले, असू दे काकू. मग मुलांकडे वळून म्हणाले, बाईंनी शिकवलेलं काहीतरी मराठीत म्हणून दाखवा बघू.
सातही जण एका सुरात ओरडले: 'हात खाली! पुढे!'
आया हसल्या. रूपाली हसली नाही, तेच जास्त लागलं.
वर्ग तिच्याकडे गेला.
मुलांचे उच्चार मात्र निर्दोष होते. हे रिपोर्टमध्ये घालायला हवं.