कारळं तेवढं पाठवलं न्हाई

वेल्ह्याच्या वरची वस्ती,
ता. २४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रांजल हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

सौ. लिहिताना हात जरा अडखळला, पण लिहिलं. आता तू गोरखरावांच्या घरची. सासू असून तुझं दुसरं लग्न लावून द्या म्हणून तुझ्या वडिलांच्या मागं मीच लागले होते, तवा आता अडखळून कसं चालंल. हितं सगळी बरी आहेत. शेळी व्याली. तुझ्या मामंजींचा गुडघा दुखतो, पण दवाखान्याचं नाव काढत न्हाईत.

तुमच्या खानावळीसाठी तू मागितलेलं सामान नसरापूरच्या टेम्पोतनं पाठवलंय. कारळं तेवढं न्हाई. त्याचं शेवटी सांगते.

काळपट, चुरगाळलेल्या कागदागत दिसतं ते दगडफूल. त्यात झाडाची साल न् खडे असतात, निवडून घे. चमचाभर तेलात परत आणि लगेच काढ. जळलं की सगळा मसाला कडू होतो, मग गिऱ्हाईकं गोरखरावांना बोलतील आणि ते तुला. न्हाई, ते बोलायचे न्हाईत. लग्नात म्या बघितलं, तुझ्या ताटात आधी वाढलं त्यांनी.

पिवळसर पीठ आहे ते येसूर. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे भाजून दळलंय. रस्सा पातळ झाला की लावायचं, पण गार पाण्यात कालवून. उकळत्यात तसंच टाकलंस तर गुठळ्या होतील, पहिल्या वर्षी हितं केल्या होत्यास तशा. सूरज म्हणाला होता, आई, हिनं रश्श्यात भजी सोडलीत. आणि सगळ्या गुठळ्या खाल्ल्या त्यानं.

वरई नुसती धुवायची न्हाई, रोळायची. पाण्यात फिरवून वरची वरची काढत जा, खडे तळाला राहतात.

आता कारळं. फोनवर हे सांगितलं न्हाई, कारण घरात मोठ्यानं बोलायचा धीर होत न्हाई. ऐकणारं माणूस घरात असतं.

सूरज पानशेतच्या कामावरनं यायचा तवा चुलीवर कारळं असायचं. चप्पल काढायच्या आधी अंगणातनं विचारायचा, "आई, कारळं भाजलंस व्हय?" गाडी घसरून तो गेला, त्यानंतर वर्षभर म्या कारळ्याला हात लावला न्हाई. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या अंबूबाईनं चटणीला मागितलं म्हणून तवा ठेवला. कोरडाच, बारीक जाळावर. ते तडतडलं आणि अंगणाचं फाटक वाजलं. कुत्रं भुंकलं न्हाई, शेपूट हलवत दारापर्यंत गेलं. दिसलं कोणी न्हाई. पण उंबऱ्यात कुणीतरी उभं होतं, माझ्या पाठीला कळलं.

तवापासून रोज दिवेलागणीला भाजते.  तुझे मामंजी जेवायला बसताना जरा सरकून बसतात, शेजारी जागा ठेवून.

दिवाळीच्या पाडव्याला म्या भाजलं, पण फाटक वाजलं न्हाई. कुत्रं पडून राहिलं. हे ताटावरनं तसेच उठले. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. हितनं नेलेल्या कारळ्याची काल चटणी केली म्हणालीस. मग हळूच म्हणालीस, "आत्या, दारात कुणीतरी उभं होतं. अजून डबाभर पाठवा ना."

डबाभर कशाला, मला कळतं गं. चटणीला मूठभर पुरतं. पण पोरी, तिथं गोरखराव जेवायला बसतात. त्यांच्या दारात सूरजला उभा करू नकोस. तू घास हातात धरून दाराकडं बघत बसशील, आणि ते तुझ्याकडं. असा संसार होत न्हाई. चटणी करायचीच तर जवसाची कर, शेंगदाण्याची कर.

आणि खरं सांगू? हे सगळं तुझ्या भल्यासाठी लिहिलंय असं न्हाई. तू भाजलंस की तो तिकडं येतो, आणि माझी चूल नुसतीच जळते. तुला दुसरं माणूस मिळालं, मिळायलाच पाहिजे होतं. मला दुसरा सूरज कुठनं मिळायचा? तेवढा हितं राहू दे.

दिवेलागण झाली. हे सरकून बसलेत. तवा ठेवते.

सूरजची आई,
कमळाबाई