खिडकीजवळच्या खुर्च्या

वर्कुम, ९ जानेवारी

प्रिय इंगुन,

बर्गनहून तुझं पत्र आलं, विणलेले मोजेही आले. ते पायात घालूनच लिहायला बसलेय. इकडे सगळं ठीक.

आमचा भाऊराया सित्से उठताबसता 'लेक्कर' म्हणतो, म्हणजे काय, असं विचारतेस. अगं बाई, ही आमच्या घराची खोड, बाबांकडून आलेली. जेवण चवदार झालं की लेक्कर. छान झोप लागली, ऊन पडलं, पाय पसरून बसायला मिळालं, तरी लेक्कर. शेजाऱ्याची फजिती झाली तर "लेक्कर!", म्हणजे बरी जिरली. एकदा आई चिडून म्हणाली, "अहो, बटाटे करपलेत!" बाबा खातच होते. म्हणाले, "लेक्कर करपलेत."

तब्येत बिघडली की मात्र 'लेक्कर नाही' एवढंच म्हणायचं. बाबा नोव्हेंबरपासून तेच म्हणतायत. वाटाण्याचं सूप चमचाभर घेतात आणि ताटली सरकवतात. उन्हाळ्यापर्यंत काढतील असं डॉक्टरांना वाटत नाही. घे, लिहून टाकलं एकदाचं. मघापासून हात धजत नव्हता.

सित्सेने गोठा सांभाळायला नकार दिला, बाबांनी गाई विकल्या, तेव्हापासून बापलेकांत अबोला. माझी पत्रं तो उघडत नाही, म्हणून तुला लिहितेय. दोघेही एकाच माळेचे मणी!

या महिन्याअखेर बाबांचा वाढदिवस. आमच्यात खुर्च्या गोल मांडतात. येणारा घरच्या प्रत्येकाशी हात मिळवतो, "वडिलांच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन" म्हणतो, मग केक. बाबा दरवर्षी खिडकीजवळ एक खुर्ची रिकामी ठेवतात. गेल्या वर्षी हिल्त्येमावशी तिच्यावर टेकली, तर ओरडले, "ऊठ! तिथे माणूस यायचाय." मावशी अजून फुगलेली आहे.

आज सकाळीच खुर्च्या काढायला लागले. म्हटलं, अहो, अजून अवकाश आहे. पण ऐकतील तर बाबा कसले! धापा टाकत स्वतः मांडल्या.

"खिडकीजवळ दोन कशाला, बाबा?"

"मग त्याच्या बायकोने काय उभं राहायचं?"

इंगुन, त्यांनी तुला कधी पाहिलेलंही नाही गं.

सित्सेला समजावत बसू नकोस, त्याला फक्त खुर्च्यांचं सांग. तो नाहीच म्हणाला तर तू एकटी ये. सूप मी करीन. त्यांच्या तोंडून ते एकदा 'लेक्कर' ऐकायचंय मला.

दोन्ही खुर्च्यांवर कुणाला बसू न देणारी,
तुझी नणंद
फ्राउक्ये