फिल्टर आणि ताठ कणा

४ जून, सकाळ
कुलगुरूंनी मला संशोधन स्वातंत्र्य समितीचा अध्यक्ष केलं. योग्य निवड. कंपन्या विद्यापीठं खिशात घालत असताना कुणीतरी कणा ताठ ठेवायलाच हवा. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी खुर्चीत सरळ बसा, मग कण्याचं बोला. दुर्लक्ष केलं.
संकल्प : माझ्या संशोधनात कंपनीचा एक शब्दही येऊ द्यायचा नाही. माझी लॅब पाण्याचे फिल्टर बनवणाऱ्या कंपनीच्या देणगीवर चालते, पण ते वेगळं. दारावर त्यांची पाटी आहे, इतकंच.

११ जून
माझी पीएचडीची विद्यार्थिनी रिझल्ट घेऊन आली. कंपनीच्या घरगुती फिल्टरची कांडी बदलायची मुदत यायच्या कितीतरी आधीच आत जंतू वाढतात. त्यापेक्षा नळाचं पाणी बरं. तिच्या प्रयोगात चूक शोधली. सापडली नाही. पुन्हा शोधली.
शेवटी म्हटलं, शाब्बास, लगेच छापू, सत्याला मुहूर्त लागत नाही. वाक्य झकास जमलं. भाषणात घालायचं.
संध्याकाळी मुलीला फोन. तिच्याकडे तोच फिल्टर आणि घरात तान्हं बाळ. म्हटलं, पाणी उकळून देत जा. का, म्हणाली. म्हटलं, हवा बदलतेय.

१६ जून
छापण्याआधी पेपर कंपनीला दाखवायचा, असं देणगीच्या करारात आहे. निव्वळ शिष्टाचार. त्यांचा मॅनेजर आला. गोड माणूस. ढवळाढवळ करणार नाही, म्हणाला. फक्त 'जंतू' हा शब्द लोकांना घाबरवतो, 'सूक्ष्म जैविक बदल' म्हटलं तर? मी ठणकावलं, शब्द माझे मी निवडेन. मग 'सूक्ष्म जैविक बदल' निवडला. विद्यार्थिनीने वही मिटली. पटलं असावं.

२५ जून
मॅनेजर परत. नवं मॉडेल बाजारात येईपर्यंत पेपर थांबवता येईल का? मी स्पष्ट नकार दिला. चहा झाला. मग विचार केला, थांबणं म्हणजे वाकणं नव्हे. झाडसुद्धा थांबलेलंच असतं, ताठही असतं.
विद्यार्थिनीला हेच समजावलं. ती म्हणाली, "सर, लोक पाणी आज पितायत."
तरुण वय. संयम नाही.

२ जुलै
समितीतर्फे 'कॉर्पोरेट दबाव आणि ज्ञानाची स्वायत्तता' या विषयावर परिसंवाद ठरवला. खर्चाचं म्हटल्यावर विद्यापीठाने हात वर केले. फिल्टर कंपनीने आपणहून प्रायोजक व्हायची तयारी दाखवली. दबाव आणणारी कंपनी असं कधी करेल का? विरोधकांच्या तोंडाला कुलूप.

७ जुलै
स्वयंपाकघरातला फिल्टर भिंतीवरून काढत होतो. बायको दारात. सगळं सांगावं लागलं. ती पातेलं गॅसवर ठेवत म्हणाली, "म्हणजे घरच्यांना उकळून आणि जगाला गाळून."
तिला सायन्स कळत नाही.

१५ जुलै
परिसंवाद दणक्यात. मागच्या पडद्यावर फिल्टरचं चित्र जरा मोठं होतं, त्याच्यापुढे माझं डोकं दिसलं हे नशीब. सत्याला मुहूर्त लागत नाही, या वाक्याला टाळ्या. मॅनेजरने सर्वांत जास्त वाजवल्या. विद्यार्थिनी मध्येच उठून गेली. बरं नसेल.

२१ जुलै
समितीकडे पहिली तक्रार आली. फार उत्साहाने उघडली. विद्यार्थिनीची आहे. माझ्याविरुद्ध.
आरोपी मी, अध्यक्षही मी. पूर्ण निःपक्षपातीपणे सुनावणी बेमुदत पुढे ढकलली. समितीचे बाकी दोघे सदस्य माझ्याकडे न पाहता सही करून गेले.

३ ऑगस्ट
विद्यार्थिनीने गाइड बदलला. शेजारच्या डिपार्टमेंटमधल्या बाई, ज्यांच्या लॅबला पंखासुद्धा धड नाही. दुकानातून फिल्टर आणून सगळे प्रयोग नव्याने करणार म्हणे. करू दे. कंटाळून परत येईल. तिचं टेबल रिकामंच ठेवलंय. माझं मन मोठं आहे.

१० डिसेंबर
पेपर छापून आला. शीर्षकातच 'जंतू'. माझं नाव कुठेही नाही, आभारातसुद्धा नाही. कंपनीने बाजारातून सगळे फिल्टर परत मागवले. बायकोने बातमी मोठ्याने वाचली, दोनदा.
दुपारी मुलीचा फोन. तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला जूनमध्येच माहीत होतं?" तिच्या शेजारणीचा लहान मुलगा मध्यंतरी बरेच दिवस पोटाने आजारी होता. त्यांच्याकडेही हाच फिल्टर. मी म्हटलं, आवाज तुटतोय. ती म्हणाली, मला तर स्वच्छ ऐकू येतंय.
जेवण गेलं नाही. अपचन असावं.

१२ डिसेंबर
मॅनेजरचा फोन. कंपनी आता एका स्वतंत्र शास्त्रज्ञाकडून सगळी तपासणी करून घेणार आहे. लोकांचा विश्वास बसेल असा माणूस हवा, कुणाच्या दबावाखाली न येणारा. माझ्या ओळखीत कुणी आहे का?
वाटलंच होतं. शेवटी कण्याला किंमत असते. मी नम्रपणे स्वतःचं नाव सुचवलं.
मॅनेजर हसला. मीही हसलो. तो बराच वेळ हसत होता.
मग म्हणाला, "ते राहू द्या सर. खरंच कुणी असेल तर सांगा."
शेजारच्या डिपार्टमेंटमधल्या बाईंचा नंबर दिला.